मुखवटेवाला दुसऱ्यांदा मेला तेव्हा

चार मराठी डॉक्टर एका खोलीत बसले की किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत, आपोआप साचतात. आम्ही जयपूरवाले तर महिन्यातून एका रविवारी दुपारी त्यासाठीच भेटतो! मानसरोवर वस्तीतला माझा फ्लॅट, प्याज कचोरी, चहा आणि एखादा जुना सिनेमा. या वेळी निवड माझी होती. एका गाजलेल्या इंग्रजी स्लॅशर भयपटाचा दुसरा भाग! मुखवटा घातलेला माणूस सुरा घेऊन सुट्टीतल्या कॉलेजात एकेकाला गाठतो, एवढीच गोष्ट. हॉस्टेलच्या दिवसांत मी तो पाच वेळा पाहिला होता.

खरं सांगायचं तर हा घाट सुलभाताईंना घराबाहेर काढण्यासाठी होता. त्या आमच्या भूलतज्ज्ञ. बावीस वर्षं माझ्या पेशंटच्या उशाशी बसल्या. समोर मॉनिटर असला तरी नजर पेशंटच्या छातीवर. "यंत्र नंतर सांगतं, छाती आधी!" म्हणायच्या. दोन महिन्यांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दृष्टी छान आली, पण ताई कामावर परतेनात. "आता माझा माझ्यावरच भरवसा नाही," म्हणाल्या. मला त्यांच्याशिवाय ऑपरेशन करायला अजिबात आवडत नाही.

*

मी हाडांचा डॉक्टर. मुखवटेवाला पहिल्या भागाच्या शेवटी मनोऱ्यावरून पडला होता, आणि इथे तो ताडताड जिने चढत होता.

"अशक्य!" मी ओरडलो. "दोन्ही टाचांचा चुरा झाला असणार. सहा महिने चालता येणार नाही!"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, त्याचा डॉक्टर कोण होता ते बघून ठेवा!"

*

डॉ. जोग स्त्रीरोगतज्ज्ञ. पडद्यावरची नायिका किंचाळली की ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे. चौथ्या किंकाळीला त्यांनी शांतपणे कचोरी खाली ठेवली.

"दर तीन मिनिटांनी कळ येतेय. आता फार वेळ लागणार नाही!"

पाचव्या किंकाळीला बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे शर्माजी दारात उभे. आत चार डॉक्टर, पडदे ओढलेले आणि बाईचं किंचाळणं.

"डॉक्टर साहब, अब घर पे भी शुरू कर दिया?"

त्यांनाही कचोरी दिली. शेवटपर्यंत बसले.

*

नाडकर्णी डोळ्यांचे सर्जन. रोज लोकांच्या डोळ्यांत हत्यार घालणारा माणूस, पण पडद्यावर सुरा चमकला की हे डोळे गच्च मिटून घेत! सुलभाताईंचा मोतीबिंदू यांनीच काढलेला.

ताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "नाडकर्णी, माझ्या वेळी तरी उघडे होते ना?"

किती दिवसांनी त्यांनी कुणाची अशी फिरकी घेतली! मला फार बरं वाटलं.

*

शेवटी नायिकेने मुखवटेवाल्यावर अख्खं कपाट पाडलं. तो उताणा पडला. संगीत थांबलं.

"मेला," मी जाहीर केलं. "पाच वेळा पाहिलाय, आता उठत नाही." सगळे उठले. शर्माजी चपला शोधू लागले.

"थांबा," सुलभाताई म्हणाल्या. "छाती हलली."

"ताई, सिनेमा आहे. नट श्वास घेणारच."

"हलली म्हणजे हलली. रेवा, मागे घे."

रेवा ही जोगांची मुलगी, जयपुरातच वाढलेली. तिने मागे घेतलं. आम्हाला काहीच दिसलं नाही. दुसऱ्यांदा घेतलं. नाही. ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी चष्म्यासाठी पर्स चाचपली, मग आठवलं, आता चष्मा लागत नाही.

"एकदा अजून," त्या हळूच म्हणाल्या.

तिसऱ्यांदा आम्ही सगळे टीव्हीला नाक लावून उभे. कपाटाच्या कडेपाशी, मुखवट्याच्या खाली चार बोटं, शर्टाचं एक बटण वर आलं आणि खाली गेलं. पुन्हा वर आलं.

नाडकर्णींनी डोळे मिटले.

रेवा मोबाईलमध्ये शोधत होती. "मावशी, मतलब... याचा तिसरा पार्ट पण आहे!"

सुलभाताईंनी उरलेली अर्धी कचोरी संपवली, हात पुसले आणि माझ्याकडे वळल्या.

"उद्या पहिली केस किती वाजता घेताय?"