सोंगट्यांची वही

"मागचं सोडा! आत्ता डाव कुठं आहे ते बोला!" असं म्हणत आमचे गणिताचे सर बाहीनंच फळा पुसायचे. १९७२च्या सुमाराला राजूरच्या शाळेत मी भूगोल शिकवायचो, ते गणित. अशी झपाटलेली माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. आमच्या सरांना सोंगट्यांच्या खेळानं झपाटलं होतं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. कवड्या कशा पडतील ते आपल्या हातात नाही, सोंगटी कोणती चालवायची ते आहे. आणि तिथवर डाव कसा आला, हे आठवायची गरजच नाही. समोरचा पट आणि पडलेलं दान पाहून उत्तम चाल ठरवता येते.

हे पडताळायला त्यांनी लहानसा पट आखला. आठ घरं, दोघांच्या दोन-दोन सोंगट्या. मारलेली सोंगटी पुन्हा पहिल्या घरात. अख्खी उन्हाळ्याची सुट्टी घालवून त्यांनी प्रत्येक स्थितीतली चाल वहीत उतरवली.

"सर, मला तर खेळताही येत नाही," मी म्हणालो.

"म्हणूनच तुम्ही खेळायचं! वहीत बघा आणि चाला."

समोर बसली ठकूबाई. वरच्या वाडीतली ही बाई बाजारच्या दिवशी तांदूळ विकायला यायची आणि सोंगट्यांत कुणाला हार जायची नाही. शाळेच्या व्हरांड्यात गर्दी जमली. पहिला डाव मी जिंकलो. दुसराही! सर टाळ्या पिटत होते.

तिसऱ्या डावात वहीनं सांगितलं म्हणून मी तिची सोंगटी मारली. ठकूबाई हसली.

"गुरुजी, तुमची वही हितं चुकती. मारायची न्हाई. आपली मागली घरी न्यायची."

सर खडू घेऊन फरशीवरच बसले. बेरजा मांडल्या, पुसल्या, पुन्हा मांडल्या. त्यांच्या कपाळावर घाम आला. मला वाटलं, संपलं, सुट्टीभरची मेहनत पाण्यात गेली.

एकदम उठून ते ओरडले, "बाई बरोबर! हातचा एक राहिला माझा!"

ती चूक पुढच्या पानापानांत झिरपली होती. सगळी वही नव्यानं करायची होती. आणि हा माणूस आनंदानं नाचत होता!

मग दर बाजारी दोघं बसू लागले. सर स्थिती मांडायचे, बाई चाल सांगायची, त्यानंतरच सर आकडेमोड करायचे. जुळलं की दोघंही लहान मुलांसारखी खिदळायची.

"बाई, तुम्हाला कळतं कसं?"

"दिसतंय की समूर. त्यात काय कळायचंय?"

वही पुरी व्हायच्या आत सरांची बदली झाली. एसटी हलली, तशी त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढून एक स्थिती ओरडून सांगितली. मला त्यातलं काही उमगलं नाही. ठकूबाई मात्र तांदळाची पाटी खाली ठेवून एसटीमागं धावत सुटली होती.

"मागली चालवा, गुरुजी! मागली!"