कागदावर कुठी क्लिक करू?

माहितीपुस्तकं लिहिणाऱ्या मंडळींनो, डोकं तापलं आहे, म्हणून धानोऱ्याहून आल्या आल्या कॅफेत बसून लिहून राह्यलो.

हातपंप दुरुस्तीचं पुस्तक मी तयार केलं होतं. फायली दोन दिल्या होत्या. वेबसाइटच्या फाइलमध्ये निळ्या अक्षरात ‘येथे क्लिक करा’ आणि छापायच्या फाइलमध्ये त्याच जागी ‘पान २३ पाहा’. ऑफिसच्या साहेबांनी वेबसाइटवालीच छापून गावोगाव वाटली!

आज एका गावात पंप दुरुस्त करणाऱ्या सुमनबाईंनी ते पुस्तक माझ्यासमोर आपटलं. “भाऊ, वायसर कसा बदलाचा ते इथी लिहिलंच नाई. क्लिक करा म्हणते. कागदावर कुठी क्लिक करू?”

वायसरचं, म्हणजे वॉशरचं, पान त्यांना सापडेपर्यंत पंप तीन दिवस बंद होता. बाया नाल्याचं पाणी भरत होत्या.

परतताना धानोऱ्याला रेंज मिळताच साहेबांना फोन लावला. म्हणाले, “ऑनलाइन आहे ना सगळं!” अहो, त्या गावात अजून लाइटचे खांब नाहीत!

सुमनबाईंनी मात्र पूर्ण पुस्तक चाळून प्रत्येक निळ्या ओळीपुढे पेन्सिलनं पान नंबर लिहिला होता. मी म्हटलं, “बाकीच्या गावांचं काय?”

“तिथल्या बायाईच्या पुस्तकात मीच लिहून देऊन राह्यली. तुमी छापल्यावर एकदा तरी उघडून पाह्यलं का जी?”

नव्हतं पाहिलं. ऑफिसनं पाठवलेली माझी प्रत अजून पाकिटातच आहे. तुमची?