गल्ल्यातली हाथाजोडी

लवंग आणि शेंदराचा वास एकत्र आला की मला शहाद्यातलं आमचं पूजासाहित्याचं दुकान आठवतं. वडिलांच्या गल्ल्यात चांदीची एक डबी असायची. तिच्यात शेंदूर-लवंगांत ठेवलेली हाथाजोडी होती, जोडलेल्या दोन हातांसारखी दिसणारी काळपट मुळी. तिच्यामुळे बरकत राहते, असं वडील मानत. मी तेव्हा लोणखेड्याच्या कॉलेजात होते. एका दुपारी वनखात्याची एक तरुण बाई दुकानं तपासत आमच्याकडे आली आणि हाथाजोडी आहे का, असं तिनं विचारलं. ‘इकाले नई, पूजाले शे,’ म्हणत वडिलांनी कौतुकानं डबी उघडली. तिनं डबी हातात घेऊन निरखली. ‘काका, ही मुळी नाही. नर घोरपडीला मारून काढलेला अवयव आहे, वाळवलेला. जवळ ठेवणंसुद्धा गुन्हा आहे.’ वडील पाणी गाळून पिणारे, दिवस मावळल्यावर घास न घेणारे जैन. अटक होईल का, हे मीच विचारत होते. त्यांनी एवढंच विचारलं, ‘जीवले मारीसन काढतस?’ ती हो म्हणाली. त्यांनी पंचनाम्यावर सही केली. डबी जप्त झाली, केस पुढे चालत राहिली. त्या वर्षी संवत्सरीला, म्हणजे सगळ्यांची क्षमा मागायच्या दिवशी, ते घरातल्या कुणाशी बोलायच्या आधी मला घेऊन दुकानात गेले. गल्ला उघडून त्या रिकाम्या, शेंदरानं डागळलेल्या कोपऱ्यापुढे त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, ‘मिच्छामि दुक्कडम्.’ आता वडील नाहीत, गल्ल्यावर भाऊ बसतो. तो डाग आम्ही कुणीच घासून काढलेला नाही.