छंद विचारला तेव्हा

इथं सुरतेत, घरापासून इतक्या लांब, आमच्या इमारतीच्या वॉचमनकाकांनी विडी पेटवली की मला धाकट्या बहिणीची मेडिकल कॉलेजातली प्रवेशाची मुलाखत आठवते. निपाणीत आईशेजारी बसून आम्ही दोघी विड्या वळायचो आणि वळता वळता मी तिची तयारी करून घ्यायचे. शाळा मी लवकर सोडलेली, तरी तिच्या मास्तरांनी लिहून दिलेले प्रश्न दटावून विचारायचे. “छंद विचारला तर वाचन सांग. विडीचं नाव काढू नगंस गं,” असं बजावून मुलाखतीच्या दिवशी मी तिला आत धाडलं आणि बाहेर बाकावर जीव मुठीत धरून बसले. ती घामाघूम होऊन बाहेर आली. “आक्का, छंद विचारला. म्हटलं, छंदाला वेळ न्हाय, घरी विड्या वळते.” “घालवलीस की गं सीट!” “ऐक तरी! एक डॉक्टर हसून म्हणाले, तंबाखूनं काय होतं ठाऊक आहे का? म्हटलं, व्हय सर, आमच्या गल्लीत लई बायका खोकत्यात. तपासायला अजून कुणी आलं न्हाय, म्हणून मीच शिकायला आले.” मी कपाळावर हात मारला. सीट मिळाली तिला. लपवायला शिकवणारी मीच होते, हे मी विसरलेले नाही. तिचे उपकारच म्हणायचे, आता कुणी माझं शिक्षण विचारलं तर मान खाली न घालता सांगते, सातवी.