दोन न्यूट्रॉनची शिडी

आकडेबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे; पण संस्थेत शिपायापासून संचालकापर्यंत सगळे तसंच म्हणत, आणि पगाराची पावती सोडली तर खऱ्या नावाचं कुणाचं अडतही नसे. वय छप्पन्न. काम एकच: अणूच्या पोटातलं केंद्रक कोणत्या आकाराचं असतं, ते संगणकाकडून काढून घ्यायचं. लोकांना वाटतं केंद्रक म्हणजे गोल गोळी. कसलं गोल! कितीतरी अंड्यासारखी लांबुडकी असतात, काही वरून दाबल्यासारखी चपटी.

रीत अशी, की यंत्राला आधी एक अंदाजी आकार द्यायचा. ते आतले कण इकडेतिकडे सरकवत ऊर्जा कमी करत नेतं, आणि आणखी कमी होईना की थांबतं; सगळ्यांत कमी ऊर्जेचा आकार तोच खरा. एकेका केंद्रकाला दोन-दोन महिने. वेळ वाचावा म्हणून बाईंनी युक्ती काढली. एकाचं उत्तर आलं की त्यातच दोन न्यूट्रॉन वाढवायचे आणि तिथूनच पुढचं सुरू करायचं; मग तीन आठवड्यांत उत्तर. विभागप्रमुख सर खूश. त्यांनीच फळ्यावर लिहिलं, 'आकडेबाईंची शिडी'. बाई या शिडीने अकरा वर्षांत एकशे ऐंशी केंद्रकं चढल्या.

घरी थोरली बहीण, एवढाच संसार. केंद्रकांच्या आकारांचा तक्ता पुरा झाला की नोकरीला रामराम ठोकायचा आणि दोघींनी समुद्राकाठी भावाकडे राहायला जायचं, असं ठरलेलं. ताईने वाळूत चालायला बूटही घेऊन ठेवले होते, खोक्यातच होते अजून.

"झालं का गं तुझं?" ताई रोज विचारायची.

"होत आलंय, ताई."

"तुझं होईपर्यंत समुद्र आटेल हो!"

सहाच केंद्रकं उरली होती, तेव्हा डिस्क बिघडली आणि शेवटच्या पायरीची फाइल गेली. ऊर्जेचा आकडा वहीत होता, पण पुढे चढायला फाइलच हवी. शिकाऊंना दाखवायला ठेवलेली चपट्या केंद्रकाची एक जुनी फाइल हाताशी होती. बाईंनी तीच देऊन ते केंद्रक पुन्हा काढलं. उत्तर आलं चपटं. आणि ऊर्जा वहीतल्यापेक्षा कमी.

घोडं कुठे पेंड खात होतं ते बाईंना तिथेच कळलं. यंत्र जवळच्या खड्ड्यात उतरलं की तिथेच बसतं. शेजारी त्याहून खोल खड्डा आहे हे त्याला कोण सांगणार? पहिली काही केंद्रकं खरोखर लांबुडकी होती. तोच लांबुडका आकार शिडीने प्रत्येक पायरीवर वर नेला होता. चार महिने खपून त्यांनी मधल्या पाच पायऱ्या चपट्या आकारापासून तपासल्या. पाचही चुकलेल्या. अगदी विसावीसुद्धा.

त्या सरांकडे गेल्या. सरांनी कागद पाहिले.

"मला शंका होती," ते म्हणाले. "सात-आठ वर्षं झाली."

"मग बोलला का नाहीत?"

"दोन आकारांपासून सुरुवात करायची म्हणजे दुप्पट वेळ, बाई. आणि लांबुडकी उत्तरं माझ्या सिद्धांतात बसत होती. मी पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय. आता कशाला खाजवून खरूज काढता?"

बाईंना ओरडावंसं वाटलं. पण ज्या माणसाच्या शाबासकीवर अकरा वर्षं काढली, त्याच्यावरचा इतका संताप त्यांना पेलवत नव्हता. त्यांनी कागद उचलले, खाली कार्यालयात जाऊन 'तक्ता मागे घेत आहे' असा दोन ओळींचा अर्ज सही करून दिला आणि घरी आल्या.

"झालं का गं तुझं?"

बाई दारातच बसल्या. "सगळं चुकलं, ताई. पहिले पाढे पंचावन्न."

केंद्रक म्हणजे काय हे ताईला उभ्या जन्मात कळलं नव्हतं, पण बहिणीचा चेहरा कळत होता. ती शेजारी येऊन टेकली.

"मग पुन्हा कर की. किती दिवस लागतील?"

"चपट्या बाजूने सगळं करायचं तर आणखी अकरा वर्षं."

ताईचं वय एकाहत्तर. ती थोडा वेळ गुडघा चोळत बसली. मग उठली, बुटांचं खोकं काढलं आणि म्हणाली, "खालच्या मजल्यावरच्या मास्तरणीला देऊन येते. तिच्या पायाला बसतील."

बाई तिला थांबवायला उठल्या नाहीत.