पुरणावरचं बोट

आमच्या घरात बी.एस्सी. झालेला पहिला माणूस मी. हे मी लपवत नाही, उलट कोणी विचारलं नाही तरी सांगतो. राळेगावच्या बाजूला एका शाळेत विज्ञान शिकवतो. देव आहे की नाही यावर पानठेल्यावर, लग्नाच्या मांडवात, एसटीची वाट पाहताना, जिथं माणूस सापडला तिथं मी वाद घातलेला आहे. बहुतेक वेळा समोरचा गप्प बसला. आई तेवढी कधी बसली नाही.

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. जेवणाच्या दिवशी पितळी मुखवट्यांसमोर दोन पानं वाढायची, भाज्या, कढी, आंबील, मधोमध पुरण. मग पडदा ओढून सगळ्यांनी ओसरीत येऊन बसायचं. देवी जेवतात तोवर आत कोणी जायचं नाही. काही वर्षांपासून पडदा उघडला की डावीकडच्या पानातल्या पुरणावर एक बोट उमटलेलं दिसायचं. गल्लीतल्या बाया ते पाहायला यायच्या, हात जोडायच्या.

"सांग आता," आई म्हणायची. "हे कोणाचं बोट?"

"पुरण थंड झालं की मधात बसते, खड्डा पडते, आई. नाही तं मांजर असन. उंदीर असन."

"उंदीर एकच बोट लावून वापस जाते काय? लय शिकलेला उंदीर आहे बाप्पा. तुह्या कॉलेजातला दिसते."

बाया हसायच्या. मला राग यायचा.

हे बोट बाबा गेल्यानंतरच उमटायला लागलं, आधी कधी नव्हतं. मुलांना मी निरीक्षण शिकवतो, पण ही गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. बाबा गेल्यानंतरच्या पहिल्याच महालक्ष्म्यांना आत्या आईला म्हणाली होती, "वहिनी, हळदीकुंकू आता सुनबाईले लावू द्या. तुम्ही रांधायचं पाहा." लग्न होऊन या घरात आल्यापासून ज्या मुखवट्यांना आईनं सजवलं, त्यांच्यासमोरून ती उठली. कुंकवाचा करंडा तिनं माझ्या बायकोच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेली. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी लायटिंगची माळ लावत होतो. लावत राहिलो.

गेल्या वर्षी मी आईला म्हटलं, आत मोबाइल लावून ठेवतो, काय खरं काय खोटं ते एकदाचं निघू दे. ती आंबील ढवळत होती.

"जेवणाऱ्याच्या ताटात असं पाहत नाही कोणी," ती म्हणाली. "तुह्याकडं कोणी टक लावून बसलं तं घास उतरन काय तुह्या गळ्याखाली?"

मला ही पळवाट वाटली. पडदा ओढायच्या आधी मी कापराच्या डब्याआड मोबाइल उभा केला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि ओसरीत सगळ्यांमध्ये येऊन बसलो. आई तेवढी स्वयंपाकघरात होती. ती नेहमीच तिकडं असायची.

पंगती उठल्यावर गच्चीवर जाऊन पाहिलं. बराच वेळ नुसती समई आणि माश्या. मग स्वयंपाकघराकडचं दार उघडलं आणि आई आत आली. सापडली, असं माझ्या मनात आलं. आनंदच झाला, खोटं कशाला सांगू.

पण ती सरळ पानाकडं गेली नाही. तिनं पदराला हात पुसले, करंडा उघडला आणि दोन्ही मुखवट्यांना कुंकू लावलं. डावीकडच्या थोरलीच्या साडीच्या निऱ्या नीट केल्या. "सुनबाईनं वाकडीच नेसवली तुले," तिचा बारीक आवाज आला. मग डावीकडच्या पानातलं पुरण बोटावर घेतलं आणि थोरलीच्या ओठांना लावलं. "खा माय. साखर कमी पडली यंदा." पुन्हा पदरानं ते पितळी ओठ पुसले आणि ती आली तशी गेली.

मी ते पुन्हा पाहिलं नाही. बोट कोणाचं, असं तिनं दरवर्षी मला विचारलं होतं. देवीचं आहे असं ती एकदाही म्हणाली नव्हती. मी मांजराचं नाव घेतलं, उंदराचं घेतलं. आणि ज्या गोष्टीला कुठलाच पुरावा लागत नव्हता, जी माझ्या घरात माझ्या डोळ्यांसमोर झाली, तिच्यावर मी, सगळ्यांशी वाद घालणारा माणूस, एक शब्द बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठवायच्या वेळी मी सगळ्यांसमोर म्हणालो, "कुंकू आज आई लावेल."

"हे काय नवीन?" आत्या म्हणाली. मी तिला समजावून सांगायला लागलो, वर्गात सांगतो तसं. आईनं माझ्याकडं पाहिलं. मग कापराच्या डब्याकडं पाहिलं. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "पाहिलं ना तू ताटात."

माझा हात खिशातल्या मोबाइलवर गेला.

"लावू द्या सुनबाईलेच," ती मोठ्यानं म्हणाली. "पोरगा काही बी बोलते."

व्हिडिओ मी पुसून टाकला. तिला तसं सांगितलंही. "बरं," म्हणाली, आणि तुरीची डाळ निवडत बसली.

यंदा पानं वाढली, पडदा ओढला. आई स्वयंपाकघरात गेली नाही. ओसरीत आली आणि माझ्या शेजारी बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवून. मी म्हटलं, "आई, आत काही पाहायचं असन तं जा." ती म्हणाली, "काय पाहायचं आहे?"

पडदा उघडला. पुरण जसं वाढलं तसं होतं, गुळगुळीत.

"यंदा बोट नाही उमटलं, वहिनी," आत्या घाबरून म्हणाली. "काही चुकलं तं नाही आपलं?" बाया एकमेकींकडं पाहायला लागल्या.

"कायचं चुकते," आई म्हणाली. "पुरण थंड झालं की मधात बसते म्हणे. यंदा नाही बसलं."

ती पंगतीची ताटं घ्यायला उठली. मी पानांवरच्या माश्या हाकलत तिथंच बसून राहिलो.