दार नसलेल्या चर्चच्या दारात

मंडळी, आज दुपारी मी आणि माझी नऊ वर्षांची सई सायकलने नेदरलँड्समधल्या नायमेखन शहराजवळच्या एका खेड्यात गेलो होतो. तिथे मध्ययुगातलं गावचर्च आहे. म्हणजे, होतं. छप्पर कधीतरी वादळात पडलं, विटा लोकांनी घरं बांधायला नेल्या. आता अर्धा मनोरा उभा आहे आणि गवतात भिंतींचा गुडघाभर पाया दिसतो.

मी सवयीने बूट काढायला दार शोधू लागले. सई वैतागली. "आई, देअर इज नो डोअर! स्टॉप इट!"

तिथे गवत कापणाऱ्या एका डच आजोबांनी काय हवंय विचारलं. दार शोधतेय, असं मी मोडक्यातोडक्या डचमध्ये सांगितलं. ते मला दक्षिणेच्या बाजूला घेऊन गेले आणि त्यांनी गवत बाजूला सारलं. खाली दगडी उंबरा होता, मधोमध पावलांनी झिजलेला.

मला बाबा आठवले. आमचं जुनं गाव धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की देऊळ वर यायचं, आणि बाबा तापलेल्या गाळात आम्हाला चपला काढायला लावायचे. आई म्हणायची, "अहो, देव तर नव्या गावात नेलाय!"

बाबा म्हणायचे, "उंबरा इथेच आहे ना?"

मी उंबऱ्याबाहेर बूट काढून आत जाऊन आले. मोजे चिंब! बघते तर उंबऱ्यापाशी माझ्या बुटांशेजारी सईचे बूट होते. आणि त्यांच्याशेजारी आजोबांचे चिखलाने भरलेले गमबूट.

तुमचा असा उंबरा कुठे आहे?